मधात हात काहून ठेवला?

माझ्या हातून आयुष्यात जे काही बिघडलं, त्यातलं बरंचसं मी रीतसर शिकून बिघडवलं आहे. न शिकता केलेली कामं तशी ठीकठाक झाली. फोनवर व्हिडिओ काढायचा क्लास मी लावला नसता, तर अकोल्यातल्या एका भल्या माणसाच्या चाळीस वर्षांच्या कामावर कुणी बोट ठेवलं नसतं, आणि एका नवरीची गादी, लग्नाला चार दिवस उरलेले असताना, भर दुकानात उसवायची वेळ आली नसती.

तेव्हा अमरावतीला राजापेठेत माझा फोटो स्टुडिओ होता. वीस वर्षं मी लोकांना "हनुवटी थोडी वर, डोळे उघडे" एवढं सांगून पोट भरलं. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि माझ्याकडे उरले पासपोर्ट फोटो. ते मात्र त्या वर्षांत भरपूर निघायचे. शेतीचे वाईट दिवस होते. आज या योजनेचा फॉर्म, उद्या त्या नुकसानीचा, आणि प्रत्येक फॉर्मला दोन फोटो. खेड्यांतून आलेली माणसं पडद्यासमोरच्या स्टुलावर बसायची आणि मी बटण दाबायच्या आत मलाच विचारायची, "हा फोटो अजून कोठी लावसान तर नाई ना जी?"

मी हसायचो. ज्या माणसानं पाकिटावरची टपोरी बोंडं पाहून बियाणं पेरलं आणि शेतातलं बोंड फोडल्यावर आत गुलाबी अळी पाहिली, तो कुठल्याच चित्राकडे सरळ नजरेनं बघत नाही. हे मला तेव्हाच उमजायला हवं होतं. पण मी त्या वेळी क्लासची फी भरत होतो.

राजापेठेत दर दुसऱ्या जिन्यावर कसला ना कसला क्लास आहे. तशाच एका जिन्यावर, स्पोकन इंग्लिश आणि शिवणकाम यांच्या मधोमध पाटी लागली: 'फोनवर छोटे व्हिडिओ, दोन दिवसांत'. शिकवणारा माझ्यापेक्षा निम्म्या वयाचा. विद्यार्थी म्हणजे एक लोणचीवाल्या बाई, एक पार्लरवाली आणि पहिल्या बाकावर वही-पेन घेऊन मी. मी प्रत्येक वाक्य लिहून घेत होतो. शेवटी तो म्हणाला, "काका, लिहू नका, करून पाहा." त्याचं हे एक वाक्य मी ऐकलं नसतं तरी चाललं असतं.

त्यानं शिकवलं ते खरंच छान होतं. पैसा न लागणारे खेळ सगळे. थर्मोकोलचा पांढरा तुकडा तोंडासमोर धरला की चेहऱ्यावर उजेड येतो. फोन जमिनीला टेकवला की शेळीसुद्धा उंच दिसते. पाण्याची बाटली कापून तिच्यात वाळू भरली की फोन उभा करायला बूड होतं. धान्य सांडतानाचा व्हिडिओ उलटा चालवला की दाणे उडी मारून सुपात परत येतात. आणि तो फळ्यावर दोनदा अधोरेखित करून म्हणाला, फ्रेममधला कचरा काढा. जे गोष्टीत नाही ते चित्रात नको.

आठवडाभरात मी हे सगळे प्रयोग उरकले. वरून शॉट घ्यायचा म्हणून फोन छताच्या पंख्याच्या पात्याला बांधला आणि उजेड कमी वाटला म्हणून बटण दाबलं. दिव्याचं बटण शेजारचं होतं. व्हिडिओ मात्र सुंदर आला: गोल फिरणारा माझा चेहरा, दर फेरीला थोडा जास्त घाबरलेला. चालता शॉट घ्यायला फोन स्कूटरला चिकटवून नांदगाव पेठेच्या एमआयडीसीतून गेलो, तर एका कापड कारखान्याच्या वॉचमननं अडवलं. "कोण्या कंपनीनं धाडलं तुमाले?" त्यानं माझा व्हिडिओ तीनदा पाहिला. त्यात भिंत थोडी होती आणि माझा अंगठा फार. अंगठ्यामागे मी काय लपवलं, हे शोधण्यात त्याचा आणि माझा तास गेला.

एका शेतात कपाशीच्या दोन ओळींमध्ये पालथा पडून शूट करत होतो, तर शेतमालक येऊन डोक्याशी उभा राहिला.

"पंचनामा करून राहिले काय जी?"

"नाही हो. लो अँगल."

"हे कोन्तं खातं होय?"

पण सगळ्यांत मला भावली ती हाताची करामत. एक वस्तू चालू व्हिडिओत दाखवायची, मग हात पुढे आणून लेन्स झाकायची. तिथं थांबायचं. मग दुसरी वस्तू त्याच जागी ठेवायची, लेन्सवर हात ठेवूनच पुन्हा सुरू करायचं आणि हात काढायचा. दोन्ही तुकडे जोडले की बघणाऱ्याला वाटतं, हात फिरला आणि वस्तू बदलली. मळका सदरा स्वच्छ होतो, रिकामा डबा भरतो. मी घरात रिकाम्या पातेल्याची भाजी केली, तर बायको म्हणाली, "हे रोज करत जा."

अशा तयारीत असताना अकोल्याहून ताईचा फोन आला. माझी मोठी बहीण. कॉलेजची तीन वर्षं मी तिच्याच घरी काढली होती.

"गादी पिंजायले द्याची हाये. भाऊजी गावाले गेले. मले शाळा हाये. कापसाजवळ बसायले कोनी नाई. तू ये."

कापसाजवळ बसणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, तरी सांगतो. वऱ्हाडात गादीवाल्याकडे कापूस नुसता टाकून येत नाहीत. तो पिंजला जाईपर्यंत, खोळीत भरला जाईपर्यंत, शेवटचा टाका पडेपर्यंत घरचं एक माणूस समोर बसतं. आपला लांब धाग्याचा पांढरा कापूस त्यानं काढून ठेवला आणि कुणाच्या जुन्या उशीतला पिवळा भरला, तर खोळ शिवल्यावर कुणाला कळणार? म्हणून बसायचं. यात गादीवाल्याचा अपमान नसतो. उलट तोच पहिला विचारतो, "बसनार कोन?" कारण समोर कुणी बसलं असलं की उद्या त्याच्यावर आळ येत नाही.

ताईच्या नेहमीच्या गादीवाल्याच्या, जुन्या शहरातल्या दुकानात त्यासाठी एक लाल प्लॅस्टिकचा स्टूल होता. बसून बसून त्याचा रंग मधोमध उडाला होता. दुकानाचे मालक चाचा. आधी धनुकलीवर पिंजायचे, मग मशीन आलं. पण टाके अजून स्वतःच्या हातानं घालायचे. भुवयांवर कायम कापूस, म्हणून चेहऱ्यावर सतत थोडं आश्चर्य दिसायचं.

मी ताईची गादी रिक्षातून उतरवली, तर स्टुलावर आधीच एक बाई बसल्या होत्या. साठीच्या, पाय पक्के रोवून, डोळे मशीनवर. कुणीतरी त्यांना पुकारलं म्हणून कळलं, या आत्याबाई. पुतणीचं लग्न आठ दिवसांवर होतं आणि आंदणात द्यायची गादी भरायला आली होती. त्या वर्षी बोंडअळीनं सगळ्यांची कपाशी खाल्ली, पण त्यांच्या भावानं पहिल्या वेचणीतला चांगला कापूस बाजूला काढून ठेवला होता. नवरीच्या आईनं आणि आत्याबाईंनी थंडीभर बसून त्याच्या सरक्या हातानं काढल्या होत्या. तो कापूस नुकताच पिंजून झाला होता. दुकानाच्या एका कोपऱ्यात त्याचा ढीग होता, असा पांढरा की चाचांची भिंत मळकी दिसत होती. भरणं तेवढं राहिलं होतं. खोळ घडी करून शेजारी ठेवलेली: राणी रंगाची, वर मोठी पिवळी फुलं.

मी ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात व्हिडिओ तयार झाला. ताईची जुनी गादी, मळकी, मधोमध चहाचा डाग. मग हात. मग राणी रंगाची नवी गादी. चाचांच्या धंद्याची काय जाहिरात होईल!

"चाचा, तुमचा व्हिडिओ काढतो. सगळ्या अकोल्यात तुमचं नाव होईल."

"नाव तं हाये," चाचा म्हणाले. "अजून कितीक पायजे?"

पण अडचण होती. आत्याबाई आणि त्यांचा लाल स्टूल, दोन्ही बरोबर फ्रेमच्या मध्ये. लाल रंग सगळी नजर ओढून घेत होता. कचरा काढा, जे गोष्टीत नाही ते चित्रात नको.

"आत्याबाई, तुमची बाकीची खरेदी झाली का?"

"बांगड्या राहिल्या."

"मग जाऊन या ना. मी बसतो तुमच्या जागी. माझी पण गादी आहेच."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कोन?"

मी ताईचं घर सांगितलं, तिची शाळा सांगितली, माझा स्टुडिओ सांगितला. ताई त्यांच्या ओळखीतली निघाली. तरी उठताना त्या म्हणाल्या, "हालू नको हं, बापू. माया भाऊ लय शकी हाये. त्याले सांगू नको मी उठली म्हनून."

"तुम्ही निश्चिंत जा."

त्या गेल्या. मी स्टूल उचलून बाहेर, दुकानाच्या कडेला नेऊन ठेवला. फ्रेम साफ झाली. चाचांना सांगून ताईची गादी उसवून घेतली. तो पिवळट, गोळे झालेला कापूस बाहेर पडतानाचा सुरेख शॉट मिळाला. डागाचा जवळून शॉट घेतला. मग हात लेन्सवर. थांबलो. आता नवी गादी भरून व्हायला तास-दीड तास होता, दुकानात कापसाची धूळ उडत होती, आणि समोर चहाची टपरी होती.

मी चहाला गेलो. टपरीवर माझ्या कॉलेजातला एक जण भेटला. किती वेळ गेला ते माहीत नाही. परत आलो तेव्हा राणी रंगाची गादी भरून, टाके पडून, काठीनं ठोकून तयार होती, आणि ताईचा जुना कापूस कोपऱ्यात चादरीत बांधला होता. तो चाचा दुसऱ्या दिवशी पिंजणार होते. मी घाईनं फोन जागेवर लावला, लेन्सवर हात ठेवला, सुरू केला, हात काढला. फुलं चमकली. त्याच क्षणी आत्याबाई बांगड्यांची पिशवी घेऊन दारात.

"हालला तं नाई ना?"

"छे," मी म्हणालो.

संध्याकाळी व्हिडिओ जोडला आणि सगळीकडे टाकला. ताईच्या शाळेचा ग्रुप, भाऊजींच्या भावकीचा ग्रुप, माझा स्टुडिओ. लोकांनी टाळ्यांचे हात पाठवले. दुसऱ्या दिवशी ताईची गादी भरेपर्यंत बसून मी अमरावतीला परतलो, आणि तिसऱ्या दिवशी ताईचा फोन.

"माया घरची गादी आख्ख्या अकोल्यानं पायली!"

"छान आलाय ना?"

"तो डाग कोनाचा ते इचारून राहिले लोकं! तुया डाग! तू सांडला होता चहा, परीक्षेच्या वक्ती!"

मी सफाई देणार, तेवढ्यात ती हळू आवाजात म्हणाली, "अन् ऐक. नवरीच्या बापानंबी पायला तो व्हिडिओ."

त्यानं काय पाहिलं, ते मला तेव्हा कळलं. मी हातचलाखीचा सुंदर नमुना केला होता. त्यानं आपल्या मुलीची राणी रंगाची खोळ ओळखली होती. आणि त्या खोळीच्या एक क्षण आधी, त्याच जागेवर, कुणाच्यातरी घरचा पिवळा, डागाळलेला कापूस. मध्ये एक हात येतो आणि सगळं झाकतो. आणि दुकानात लाल स्टूल नाही. म्हणजे बसलेलं कुणी नाही. कापूस बदलल्याचा यापेक्षा चांगला पुरावा मला स्वतःलाही रचता आला नसता.

त्याचा फोन आलाच. आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली.

"व्हिडिओ तुमीच काढला?"

"हो काका. ती एक करामत असते. दोन वेगळे तुकडे..."

"मधात हात काहून ठेवला?"

"तेच सांगतोय. हात ठेवला की..."

"झाकाचं होतं म्हनूनच ठेवला ना हात?"

"हो, म्हणजे झाकायचं होतं, पण लपवायचं नव्हतं."

त्यानं ते बाजूला ठेवलं. मग, "बहीन म्हनते ते बसली होती. खोळ भरली तवा तुमी होते काय तेथी?"

आत्याबाईंना दिलेला शब्द आठवला. चाचा आठवले. आणि मी म्हणालो, "होतो ना. डोळ्यांदेखत भरली."

"बरं," तो म्हणाला. "मंग चहावाला खोटं बोलते."

मला फोन करायच्या आधीच तो टपरीवर जाऊन आला होता.

पुढचे दोन दिवस मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला, सांगता येणार नाही. आणि खरं लिहायचं तर, पाहता पाहता मलाच शंका यायला लागली. तास-दीड तासात आत काय झालं, हे मला कुठं ठाऊक होतं? मी आलो तेव्हा चादरीत बांधलेला कापूस ताईचाच होता कशावरून? आणि होता, तर सगळा होता कशावरून? ताईची गादी एव्हाना घरी आली होती, तिला विचारलं तर म्हणाली, "हलकी लागून राहिली जरा." चाचांनी तिला सांगितलं होतं की जुन्या कापसातली धूळ जाते. खरंच जाते. पण सांगताना तिचा आवाज तसा नव्हता आणि माझे कानही तसे नव्हते. ज्या माणसाला मी कॉलेजात असल्यापासून ओळखतो, त्याच्याबद्दल मी माझ्याच करामतीच्या पुराव्यावर शंका घेत होतो.

तिकडे अकोल्यात चाचांकडे एका घरानं टाकलेला कापूस न भरताच परत नेला. दुसऱ्या घरातून दोघं जण बसायला आले, एक पुढून, एक मागून. चाचांनी मला एवढंच सांगायला फोन केला, "भाऊ, ते लोक उद्या गादी घेऊन येऊन राहिले. उसवाले. तुमी या."

मी गेलो. दुकानात गर्दी होती. नवरीचा बाप पुढे उभा, उन्हाची काळी छत्री हातात. काटक, डोळे बारीक. आत्याबाई मागे, चेहरा उतरलेला. त्यांची उठल्याची चोरीही आता उघडी पडली होती. राणी रंगाची गादी सतरंजीवर. आणि लाल स्टूल दुकानाच्या मधोमध, त्याच्यावर कुणीही नाही.

मी पुढे होऊन सगळं कबूल केलं. आत्याबाईंना मीच उठवलं, स्टूल मीच काढला, चहाला मीच गेलो, जुनी गादी ताईची, डाग माझा. चाचांचा काही संबंध नाही.

"तुमी खोटं बोल्ले ना मायाशी फोनवर?" नवरीचा बाप म्हणाला.

"हो."

"मंग आता खरं बोलून राहिले हे कायच्यावरून?"

चाचांनी भुवयांवरचा कापूस पुसला आणि ब्लेड घेतलं.

"चाळीस साल झाले पाटील, मी टाके घालून राहिलो. आपलेच ताजे टाके मी पैल्यांदा कापून राहिलो. कापतो." मग माझ्याकडे बघून, "काढा तुमचा व्हिडिओ. पन आता हात जेबमंदी ठेवा."

मी फोन लाल स्टुलावर उभा केला, बाटलीच्या बुडाला टेकवून, आणि दोन्ही हात खिशात घातले. चाचांनी एक कड उसवली. आत पांढरं. बापानं चिमूट काढली, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढली, जुळवली, पुन्हा ओढली, आणि छत्रीच्या काळ्या कापडावर ठेवून धाग्याची लांबी पाहिली. आजूबाजूची चार डोकी त्या छत्रीवर वाकली.

"चांगला हाये," कुणीतरी म्हणालं.

"कडेले चांगला भरते सगळेच," बाप म्हणाला. "कोपरा?"

चारही कोपरे उसवले. मग मध्य. मग उशाकडची बाजू. दर वेळी चिमूट, अंगठे, छत्री. चाचा टाका कापत होते आणि कापलेला दोरा बोटाला गुंडाळून ठेवत होते, फेकत नव्हते. आत्याबाई शेवटी पुढे आल्या, कापसात कोपरापर्यंत हात घातला, थोडा चाचपला आणि एक अख्खी सरकी बाहेर काढली. सरकी काढायच्या मशीनमधून आलेल्या रुईत सरकी फुटून येते. हातानं काढताना राहून गेलेली तेवढी अख्खी राहते.

"माईच राह्यली आहे हे," त्या म्हणाल्या. "माया डोळ्याले कमी दिसते आता."

बाप सरकीकडे बघत राहिला. पण 'चूक झाली' म्हणाला नाही. "भरा," एवढंच म्हणाला, आणि आत्याबाईंकडे पाहून म्हणाला, "वं बहिनी, बस." आत्याबाई फोन उचलून माझ्या हातात देऊन स्टुलावर बसल्या, आणि मला चाचांनी काठी दिली. भरलेली गादी ठोकायची. संध्याकाळपर्यंत मी ठोकत होतो. दुसऱ्या दिवशी माझे खांदे वर होत नव्हते.

न तोडलेला तो व्हिडिओ मी सगळ्या ग्रुपांवर टाकला. फार लांब होता. कुणी पूर्ण पाहिला नाही. पहिला, हातवाला, पार डोंगरातल्या धारणीपर्यंत पोचला होता, तिथला एक जीपवाला मला म्हणाला, "तुमच्या तिकडं गादी बदलून देतात म्हणे." चाचांचं नाव खरंच सगळीकडे झालं होतं, मी म्हटल्याप्रमाणे.

लग्नाला चाचांना बोलावणं होतं, मलाही होतं; मला बहुधा नजरेसमोर ठेवायला. मांडवात आंदण मांडलेलं, दिवाणावर राणी रंगाची गादी. येणारी-जाणारी माणसं तिच्यावर बोट दाबून पुढे जात होती. फुलावर बोट, मग एकमेकांकडे नजर. चाचा ते पाहत होते आणि पाहत नसल्यासारखं करत होते.

पंगतीत मी आणि चाचा शेजारी बसलो. पानं वाढली जात होती, तेव्हा नवरीचा बाप येऊन चाचांसमोर उकिडवा बसला. फेट्याखाली घाम. सदऱ्याच्या खिशातून त्यानं वर्तमानपत्राची पुडी काढली आणि उलगडली. आत कापसाच्या दोन चिमटी.

"चाचा, त्या दिवशी तुमच्या दुकानातून मी चिमूटभर कापूस चोरून नेला."

"पायलं होतं मी."

"मंग बोल्ले काहून नाई?"

"नेऊ द्या म्हटलं," चाचा म्हणाले. "घरी पायसान तवाच झोप येईन तुमाले."

बाप खाली बघून म्हणाला, "हे गादीतला. हे घरी गाठोड्यात राह्यलेला. रातच्या वक्ती नाई, उन्हात धरून पायला, तीन दिवस पायला. एकाच झाडाचा हाये." मग कपाळावरचा घाम पुसून, "माई चूक झाली."

मला राहवलं नाही. मी फोन काढला. इतकं खरं, इतकं सरळ, आणि उजेडही चांगला होता.

"काका, हेच एकदा इकडे बघून बोला ना. एका मिनिटात सगळा गैरसमज..."

"ठेव तो जेबमंदी," तो माझ्यावर खेकसला. "व्हिडिओत सांगतलं तं कोन भरोसा ठेवीन?"

आणि तो उठला. पुडी हातावर धरून, पंगतीच्या पहिल्या पानापासून, वाढप्यासारखा वाकून एकेकाला दाखवत निघाला. "पाय. हे गादीतला, हे घरचा. मी शक घेतला, मीच खोटा निघालो. गादीवाल्याचं काम खरं हाये." एक पान, दुसरं पान. बुंदी वाढणारा त्याच्या मागे अडकून उभा राहिला. बहुतेकांनी कापूस बोटात धरून ओढून पाहिला, मान हलवली आणि चाचांकडे पाहिलं. चाचांनी भाताकडे पाहिलं.

शेवटच्या पानावर त्याचा एक म्हातारा सोयरा होता. त्यानं दोन्ही चिमटी निरखल्या, वास घेतला, आणि बारीक डोळ्यांनी वर बघत विचारलं, "हे दोन्ही गादीतलेच नाई कायच्यावरून?"

पंगत थांबली. माझा हात खिशातल्या फोनवर होता. तो तिथंच राहिला.

"मी सांगून राहिलो म्हनून," नवरीचा बाप म्हणाला.

म्हाताऱ्यानं कापूस पुडीत परत ठेवला, पुडीची घडी घालून ती त्याच्या हातात दिली आणि वरण मागितलं.